पळतात छान, पण फट दिसत नाही

‘ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळेचा मुलींचा सेव्हन्स (सात-सात जणींचा) रग्बी संघ आहे. निम्म्याहून जास्त मुली कबड्डीतून आलेल्या. पळण्यात आणि टॅकलमध्ये, म्हणजे समोरचीला धरून पाडण्यात, कुणाला हार जात नाहीत. रोज अर्धा तास चौघी-चौघींच्या रांगा करून, खुणेचे प्लास्टिकचे कोन (शंकू) लावून, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पासिंग घेतो. बॉल क्वचित सुटतो. पण सामन्यात बॉल हातात आला की समोर जी दिसेल तिच्या अंगावर जातात. शेजारी मैदान मोकळं पडलेलं असतं, विंगर, म्हणजे अगदी कडेला खेळणारी मुलगी, हात वर करून “इकडे, इकडे” ओरडत असते, पण बॉल तिच्यापर्यंत पोचतच नाही. मी टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, ओरडून घसा बसवून घेतो. सहकारी म्हणतात, ही नजर उपजत असावी लागते, शिकवून येत नाही. ठरलेल्या आणखी चार-पाच मूव्ह बसवून घेऊ का? निवड स्पर्धा दीड महिन्यावर आली आहे.’
– एक क्रीडाशिक्षक

सर, नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला मान्य नाही. मोकळी जागा हेरायची नजर शिकवता येते. तुमच्या निम्म्या मुलींकडे तर ती आहेच. कबड्डीत चढाईला गेलेली मुलगी मध्यरेषा ओलांडतानाच समोर किती जणी आहेत ते मोजते, कारण निदान सहा जणी असतील तरच बोनस मिळतो. कोपरारक्षक कुठल्या पायावर भार देऊन उभी आहे, साखळीतला हात सैल पडलाय का, हे सगळं ती दम धरून बघत असते. खऱ्या विरोधकांसमोर रोज चढाया केल्या म्हणून तिला ते आलं. तुमच्या रग्बीच्या सरावात मात्र तिच्यासमोर विरोधकच नसतो.

चौघींची रांग करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पास देणं, हाताला वळण लागेपर्यंत ठीक आहे. पण त्या अर्ध्या तासात डोळ्यांना काय सवय लागते ते पाहा. बॉल येतोय, बॉलकडे बघ. बॉल दिला, बॉलकडे बघ. समोर मैदान रिकामं, त्यामुळे मान वर करायचं कारणच नाही. पास कधी द्यायचा हेसुद्धा मुलगी ठरवत नाही, रांगच ठरवते. मग सामन्यात पहिल्यांदा समोर माणसं दिसतात आणि ती तिच्या ओळखीचं काम करते, म्हणजे भिडते. त्यात कबड्डीची सवय भर घालते. तिथे समोरच्या खेळाडूला शिवलं की गुण मिळतो, म्हणून अंगाजवळ जाण्यातच फायदा असतो. रग्बीत अंगाला अंग लागलं की आपल्याच दोघी-तिघी त्या जागी अडकतात. मुलींना हे कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं. तेव्हा आधी तेच सांगा, मैदानातल्या मातीत काडीने काढून.

सेव्हन्सचं मैदान पंधरा जणांच्या रग्बीएवढंच असतं, रुंदी साधारण ७० मीटर. समोर सात जणी. त्यातली एक बहुधा मागे स्वीपर म्हणून थांबते. तुमच्या मुलीला टॅकल करणारी एक जमिनीवर, आणि बॉलवर हात टाकायला वाकलेली आणखी एक. बचावाच्या रेषेत उरल्या चार. चौघींनी ७० मीटर राखायचे, म्हणजे एकीच्या वाट्याला सतरा-अठरा मीटर आले. एवढी रुंदी शाळकरी वयातली कुठलीही मुलगी एकटीने राखू शकत नाही. आता आपली बाजू मोजा. एक जमिनीवर, एक रक (टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलवर होणारी रेटारेटी) साफ करायला, एक बॉल उचलून पास द्यायला. मोकळ्या राहिल्या चार. चारास चार, पण जागा सगळी आपल्या हातात. अशा वेळी उत्साहाच्या भरात तुमची आणखी एक मुलगी रकमध्ये घुसली, की मोकळ्या तीनच उरतात आणि हातातली संधी जाते. प्रत्येक टॅकलनंतर हा हिशेब नव्याने करायचा असतो. तो करायला वेळही मिळतो, कारण बॉल रकमधून बाहेर येईपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. बघायची खरी वेळ ती. बॉल हातात आल्यावर बघायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

म्हणून मुलींना एकच सवय लावा. बॉल आपल्यापासून दोन जणींपलीकडे असतानाच मान वर. आधी लांबचं बघायचं, मग जवळचं. सगळ्यात मागे स्वीपर कुठे आहे? मग रेषेची दोन्ही टोकं, कुठल्या बाजूला त्यांच्यापेक्षा आपण जास्त आहोत? शेवटी आपल्या थेट समोरची. आणि शेजारणीच्या हातून बॉल सुटला की नजर पुन्हा बॉलवर, झेल पुरा होईपर्यंत.

त्या रेषेत काय शोधायचं, हे मात्र एका दिवसात सगळं सांगू नका. पहिला आठवडा फक्त माणसं मोजायला द्या. ते अंगवळणी पडलं की खांदे बघायला शिकवा. बचाव करणारीचे खांदे तुमच्याकडे सरळ असतील तर ती पुढे येणार. टचलाइनकडे वळलेले असतील तर ती बाहेर सरकते आहे, म्हणजे तिच्या आतल्या बाजूला फट पडते आहे आणि तिथून आत कापता येतं. एक जण रेषेच्या दोन पावलं पुढे धावून आली असेल, तर तिच्या आणि शेजारणीच्या मधे दरवाजा उघडला. कुणी पाठ करून आपल्या जागेकडे परत पळत असेल, तर ती बाजू तेवढ्या वेळापुरती रिकामी. गुडघ्यांवर हात टेकून उभी असलेली मुलगी तर सगळ्यांत आधी दिसायला हवी. सात-सात मिनिटांच्या दोन सत्रांच्या खेळात दम लागलेला कुणालाही लपवता येत नाही.

आता सराव कसा घ्यायचा. वीस मीटर रुंद आणि तीस मीटर लांब चौकोन आखा. एका टोकाला आक्रमणाच्या चौघी, दुसऱ्या टोकाला बचावाच्या तिघी. चौघींनी चौकोनाकडे पाय आणि बाहेर तोंड करून पालथं झोपायचं, म्हणजे त्यांना आतलं काही दिसत नाही. तुम्ही बचावाच्या तिघींना बोटांनी खुणावा. कधी तिघी डाव्या अंगाला दाटीने उभ्या, कधी मधली चार पावलं पुढे, कधी एक जण मागे स्वीपर म्हणून थांबलेली, कधी एकीने शिट्टीनंतर तीन आकडे मोजूनच आत यायचं. मग शिट्टी द्या आणि बॉल आत टाका. चौघी उठतात, वळतात आणि एकदम समोर एक चित्र असतं, जे त्यांनी आधी पाहिलेलं नाही. टॅकल नाही, दोन्ही हातांनी शिवलं की बाद. एक खेप आठ-दहा सेकंदांत संपते, पंधरा मिनिटांत भरपूर होतात, आणि दर खेपेला चित्र वेगळं. तुमचे कोन तसे कधीच हलत नाहीत.

यात एक नियम घाला: कुणीही न शिवता ट्राय झाला, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीवर टेकवला, तर दोन गुण. मुलींना वेगळं काही सांगावं लागत नाही, त्या आपोआप अंगावर जाण्याऐवजी रिकाम्या जागेत जायला लागतात. आठवडाभराने चारास चार करा, पण बचावाची एक उशिरा येणारी ठेवा. ती एक कोण आणि कुठल्या बाजूची, हे दर वेळी बदला. मग शिवल्यानंतर खेळ थांबवू नका. शिवलेली आणि शिवणारी दोघी खाली बसतील, आपली एक जण बॉलवर येईल आणि लगेच पुढचा डाव सुरू. असा शिवल्यानंतर ट्राय झाला तर एक गुण. इथून मघाचा मातीतला हिशेब पळता पळता करायची सवय लागते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत बॉल खूप पडतील. पडू देत. रांगेतला देखणा सराव पाहायची सवय झालेल्या माणसाला हा गोंधळ बघवत नाही आणि तो पुन्हा कोन मांडायला जातो. कृपा करून तसं करू नका. हाताळणी सुटलीच, तर सरावाच्या सुरुवातीची पाच मिनिटं तिला द्या, अर्धा तास नाही.

फट दिसणं वेगळं आणि ती टिकवून धरणं वेगळं. तुमच्या मुलींना हा दुसरा भाग जास्त जड जाणार आहे, म्हणून यावर मी जरा थांबते. बाहेर जागा दिसली की मुलगी बॉल घेऊन त्या जागेकडे तिरकी पळत सुटते. तिच्याबरोबर बचाववालीही सरकते, आणि दोघी मिळून आपल्याच विंगरला टचलाइनबाहेर ढकलत नेतात. जागा मुलीनेच खाऊन टाकलेली असते. जागा राखायची तर आधी बचाववालीला जागच्या जागी अडकवावं लागतं. त्यासाठी बॉलवालीने तिच्या आतल्या खांद्यावर सरळ जायचं. आतल्या म्हणजे जिकडून बॉल आला त्या बाजूच्या. तिकडे गेलं की बचाववालीला बाहेर सरकता येत नाही, तिला थांबावंच लागतं. मग तिची कंबर बघायची. कंबर आपल्याकडे वळली, तर ती आपल्याला धरायला आली, म्हणजे शेजारीण मोकळी. बॉल द्या. कंबर शेजारणीकडे वळलेली राहिली, तर आपल्यालाच वाट आहे. स्वतः जा. कंबर बघा म्हणते, कारण डोळ्यांनी आणि हातांनी हुलकावणी देता येते, कंबरेने ते अवघड आहे.

हे फक्त दोघींविरुद्ध एक असं, दहा मीटर रुंदीच्या पट्ट्यात घ्या. पास द्यायचं अंतर त्यांना स्वतः सापडू द्या. चार मीटरवरून दिला तर बचाववाली पासच्या मागोमाग सरकून दुसरीला गाठते. एका हातावर येईपर्यंत थांबलं तर बॉलसकट धरते. या वयाच्या मुलींना बहुतेक दोन-अडीच मीटरचा अंदाज बसतो, पण प्रत्येकीच्या वेगाप्रमाणे तो बदलतो आणि तो सांगून कळत नाही.

आता टचलाइनवरच्या तुमच्या ओरडण्याविषयी. ते तळमळीतून येतं हे मला कळतं. पण तुम्ही ‘उजवीकडे दे’ म्हणेपर्यंत उजवीकडची जागा बंद झालेली असते. दुसरं असं की, उत्तर बाहेरून येणार हे कळलं की मुलगी स्वतः बघायचं सोडून देते.

२०१५ च्या पुरुषांच्या रग्बी विश्वचषकात, १९ सप्टेंबरला ब्रायटनला जपान आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेला सामना मुलींना जरूर दाखवा. शेवटच्या मिनिटाला जपान ३२-२९ ने मागे होता आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ट्रायलाइनजवळ त्यांना पेनल्टी मिळाली. किक मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी. दक्षिण आफ्रिकेसारख्या संघाशी बरोबरी म्हणजे जपानसाठी केवढी गोष्ट! प्रशिक्षक एडी जोन्स यांना तेच हवं होतं. पण कर्णधार मायकेल लीचने स्क्रम मागितला, म्हणजे दोन्हीकडचे खेळाडू वाकून एकमेकांना भिडतात आणि मधे टाकलेल्या बॉलवर खेळ पुन्हा सुरू होतो तो. दक्षिण आफ्रिकेचा एक जण पिवळं कार्ड मिळून बाहेर बसला होता, समोर चौदाच होते, आणि ते दमले आहेत हे लीच मैदानात उभा राहून बघत होता. बॉल आधी एका अंगाला खेळत नेला, बचाव तिकडे ओढला गेला, मग झटकन डाव्या कोपऱ्याकडे फिरवला आणि कार्न हेस्केथने तिथे ट्राय टेकवला. ३४-३२. आत उभ्या असलेल्याला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही, मग बाहेरचा कितीही जाणता असो. आणि जोन्स यांचं श्रेय मी इथे कमी करत नाही. तसा निर्णय घेऊ शकणारा संघ त्यांनीच घडवला होता.

तुम्ही सरावात प्रश्न विचारा. मात्र ‘का नाही दिला पास?’ असं नको. तसं विचारलं की मुलगी मान खाली घालते आणि ‘चुकलं, सर’ म्हणून मोकळी होते, त्यातून तुम्हाला काहीच समजत नाही. ‘काय दिसलं?’ असं विचारा. ती म्हणाली, ‘समोर एकच दिसली’, तर तिची नजर जवळच अडकते हे कळलं. म्हणाली, ‘बाहेर दोघी मोकळ्या दिसल्या, पण पास पोचेल असं वाटलं नाही’, तर तिची नजर तयार आहे, कमी आहे ती लांब पासची. दोघींचा उपाय वेगळा, आणि बाहेरून बघताना दोघींची चूक एकसारखीच दिसते. अधूनमधून खेळ चालू असताना शिट्टी द्या, सगळ्यांना जागच्या जागी डोळे मिटायला सांगा आणि एकीला विचारा: तुझ्या उजवीकडे त्यांच्या किती जणी? स्वीपर कुठे? मग डोळे उघडून तिलाच पडताळू द्या. मुलींना हे आवडतं आणि त्या पुढच्या शिट्टीच्या भीतीने का होईना, बघायला लागतात.

मूव्हविषयी विचारलंत. आणखी चार-पाच मुळीच नको. स्क्रमवरून एक, लाइनआउटवरून (बाहेर गेलेला बॉल टचलाइनवरून आत फेकतात तिथून) एक, बस. सेव्हन्सच्या स्क्रममध्ये दोन्हीकडच्या तीन-तीन जणी गुंततात आणि बाकी मैदान उघडं पडतं, तिथे गुंतागुंतीची गरजच नसते. त्या एकेका मूव्हला दोन वाटा ठेवा आणि कुठली घ्यायची हे बॉल हातात असलेलीने समोर बघून ठरवायचं. पाठ केलेली मूव्ह समोरचा बचाव जागचा हलला तरी मुली तशीच पुरी करतात, आणि तुमच्या मुलींचं दुखणं नेमकं तेच आहे.

त्यापेक्षा पेनल्टीकडे लक्ष द्या. पेनल्टी मिळाली की आपल्या मुली श्वास घ्यायला थांबतात. त्याच क्षणी समोरच्यांना दहा मीटर मागे जायचं असतं आणि निम्म्या जणी पाठ फिरवून चालत असतात. खुणेच्या जागेवर बॉलला पाय लावून लगेच सुटणारी एक मुलगी संघात असली तरी एका सामन्यात एखादा ट्राय सहज निघतो.

मागच्या मोकळ्या जागेचंही तसंच. शाळेच्या पातळीवर किकचा विचार कुणी करत नाही, पण स्वीपर पुढे ओढली गेली असेल तर सगळ्यात मोठी जागा तिच्या मागेच असते. न्यूझीलंडच्या महिला संघाचं उदाहरण घ्या. २०२१ च्या युरोप दौऱ्यात त्या इंग्लंड आणि फ्रान्सकडून चारही सामने हरल्या, इंग्लंडविरुद्धचा एक तर ५६-१५ असा. २०२२ मध्ये वेन स्मिथ प्रशिक्षक झाले आणि ताकदीच्या झुंजीपेक्षा वेगवान, जागा शोधणाऱ्या खेळावर त्यांनी भर दिला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ऑकलंडच्या ईडन पार्कवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात समोर पुन्हा इंग्लंड. शेवटच्या दहा मिनिटांत थेरेसा फिट्झपॅट्रिकने बचावरेषेच्या मागे किक टाकली, स्टेसी फ्लूलरने धावत जाऊन बॉल मिळवला आणि पडता पडता आयेशा लेटी-ईगाकडे सरकवला. तो ट्राय निर्णायक ठरला, ३४-३१. ही चित्रफीत लावा, पण किकच्या आधीच थांबवा. मुलींना विचारा, आता तुम्ही काय कराल. त्यांची उत्तरं ऐकल्यावर पुढे दाखवा.

आता तुमची विंगर. ती हात वर करून ‘इकडे, इकडे’ ओरडते, पण त्यातून बॉलवालीला काहीच कळत नाही, कारण तसं सगळ्याच ओरडतात. बॉलवालीला एका वेळी फार बघता येत नाही, बाहेरच्या मुली म्हणजे तिचे जादा डोळे. म्हणून हाकेत माहिती हवी. संघात चार हाका ठरवा. बाहेर आपण दोघी आणि त्यांची एक असेल तर ‘दोनास एक’. रेषा बाहेर सरकत असेल तर ‘आत काप’. स्वीपर जागेवर नसेल तर ‘मागे रिकामं’. काहीच नसेल तर ‘धर’, म्हणजे बॉल सांभाळ, पुढच्या डावात बघू. शब्द मुलींनाच निवडू द्या, त्यांच्या बोलीतले असतील तर घाईत तोंडात लवकर येतात. आणि हाक विंगरपासून सुरू होऊन एकेकीने आत पोचवायची, कारण वीस मीटरवरून एका मुलीचा आवाज वाऱ्यात विरून जातो.

दीड महिना पुरेसा आहे. पहिले चार आठवडे शिवण्याचेच खेळ ठेवा. पूर्ण टॅकलचा सराव थोडाच घ्या आणि तोही सरावाच्या सुरुवातीला, मुली ताज्या असताना. दमलेली मुलगी टॅकलमध्ये डोकं चुकीच्या बाजूला ठेवते आणि तिथेच इजा होते. कुणाच्या डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी तिला लगेच बाहेर घ्या, सराव असो की सामना. पाचव्या आठवड्यात शेजारच्या शाळेशी दोन-तीन सराव सामने ठेवा आणि कुणाला तरी शाळेच्या गच्चीवरून मोबाइलवर चित्रण करायला सांगा. टचलाइनवरून काढलेल्या चित्रणात जागा दिसत नाही, उंचावरून लगेच दिसते. त्यातले तीन-चार प्रसंगच दाखवा, त्यात निदान दोन असे असू देत जिथे मुलींनी फट बरोबर हेरली होती, मग पुढे बॉल पडलेला का असेना. शेवटच्या आठवड्यात नवं काही नको.

स्पर्धेच्या दिवशी मध्यंतर दोनच मिनिटांचं मिळेल. त्यातलं पहिलं मिनिट तुम्ही बोलू नका. पाणी द्या आणि मुलींना एकमेकींना सांगू द्या, कुठे जागा दिसते आहे, त्यांची कोण दमली आहे, स्वीपर कुठल्या बाजूला झुकते आहे. दुसऱ्या मिनिटात त्यांनी सांगितलेल्यातली एकच गोष्ट निवडा आणि म्हणा, पुढच्या सत्रात ही करून बघू.

तुमची,
ताई